देविदासभाऊंचं मंद मशीन

देविदासभाऊंना मी खुर्चीवर बसलेलं क्वचितच पाहिलं. खामगावच्या त्यांच्या डीटीपीच्या दुकानात मी टायपिंगला होते. ते काम उभ्याने करायचे, चहाही उभ्यानेच. गिऱ्हाईक "पत्रिका..." म्हणेपर्यंत "मुलाची का मुलीची?" विचारून मोकळे. बुलढाण्याच्या बसमध्ये खिडकी मिळाली तरी बोथ्याचा घाट संपायच्या आत उठून दाराशी जायचे. "बसला तो गंजला," हे त्यांचं ठरलेलं उत्तर.

आणि अशा माणसाचा कॉम्प्युटर गावात सगळ्यात मंद! मुंबईच्या कुण्या जाहिरातवाल्याने काढून टाकलेलं, नेहमीच्या विंडोजवाल्यांहून वेगळ्या जातीचं डबडं. पेनड्राइव्ह लावायलाही जागा नाही. अकोल्याच्या छापखान्यात पान पाठवायचं तर भाऊ अर्ध्यावर वैतागून रद्द करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून पाठवायचे. मी कपाळाला हात लावायचे.

फायबर आलं तेव्हा त्यांनी सगळ्यात महागडा प्लॅन घेतला. वेग तोच. भाऊंनी केबलवाल्याला फैलावर घेतलं. तो थंडपणे म्हणाला, "भाऊ, लाइन शंभराची हाय, पन तुमच्या मशीनचं तोंडच दहाचं हाय. आमी ओतून किती ओतू?" भाऊ दिवसभर धुमसत होते, पण मशीन काही बदललं नाही.

त्यांचा जीव त्यात दोन गोष्टींसाठी अडकला होता. एक म्हणजे त्यांची अक्षरं. लग्नपत्रिकांचे मथळे ते ब्रशने काढायचे आणि मोठे स्कॅन करून ठेवायचे. मूळ कागद वाळवीने खाल्ले होते. दुसरे फोटो, गेलेल्या माणसांचे. आमच्याकडे कुणी गेलं की घरचे जुना, डागाळलेला फोटो घेऊन येतात. भाऊ तो साफ करून, मागे निळं आभाळ लावून शोकसंदेश बनवायचे. मग मूळ फोटो घरी कुणी सांभाळत नसे. वर्षश्राद्धाला हात हलवत यायचे नि म्हणायचे, "तोच लावा, तुमच्यापाशी हायच."

मग एके दिवशी मशीनच्या पोटातून टकटक यायला लागली. डिस्क जाणार हे उघड होतं. भाऊंनी धावपळ करून नवीन कॉम्प्युटर आणला, दोन्हींमध्ये वायर जोडली. पण जाणार सगळं त्या दहाच्या तोंडातून. सगळं निघेल याची खात्री नव्हती. मी म्हटलं, आधी अक्षरं काढा, तुमची जन्मभराची कमाई आहे.

"अक्षर माह्या हातचं हाय, अन् हात हाय अजून," भाऊ म्हणाले. "हे मानसं कुठून आनू?"

त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. एकेक चेहरा पलीकडे सरकू लागला. भाऊंचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. हात रद्दच्या बटणाकडे जायचा, म्हणून शेवटी उजवा हात मांडीखाली दाबून बसले. जेवायला उठले नाहीत. मला राहून राहून वाटत होतं, आता हे उठणार आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. पण नाही उठले. शेवटचा फोटो पोचला तेव्हा दिवेलागण झाली होती. अक्षरं पाठवायला घेतली आणि टकटक थांबली. मशीन पुन्हा सुरू झालं नाही.

मला रडू आलं. भाऊंनी मलाच दटावलं, "रडून काय होते? चाय सांग."

दुसऱ्या दिवशी ते शाई-ब्रश घेऊन उभे राहिले. पण वय झालं होतं, हात थरथरायचा. वेलांटी मनासारखी वळेना. काढायचे, फाडायचे, पुन्हा काढायचे. ते पाहवत नसे, म्हणून मी उगाच काही आणायच्या निमित्ताने बाहेर जायचे. गेल्या हिवाळ्यात भाऊ गेले. ठेवण्यासारखं एकही अक्षर त्यांना पुन्हा जमलं नव्हतं.

दुकान आता मी चालवते. परवा जानेफळहून एक बाई सासूच्या वर्षश्राद्धाची पत्रिका करायला आल्या. नाव सांगताच फोटो पडद्यावर आला. त्या पदर सावरून म्हणाल्या, "अगदी जश्याच्या तश्या हायत, माय." मी हो म्हटलं. त्या चेहऱ्यासाठी काय गेलं ते त्यांना ठाऊक नव्हतं, आणि मला सांगवलं नाही.