मांडवापुढचं वळण

सुचितानं फीत तोडली तेव्हा घड्याळात दोन तास त्रेचाळीस मिनिटं पन्नास सेकंद झाले होते. निवेदक घसा फाटेस्तोवर विक्रम, विक्रम म्हणून ओरडत होता, ढोलताशा सुरू झाला होता, आणि टायमिंगच्या तंबूत मी लॅपटॉपवर तीच वेळ पुन्हा पुन्हा तपासत होते. मी तिला दोन सत्तेचाळीस तीस दिले होते.

दिले होते म्हणजे तसा अंदाज कळवला होता. मी मॅरेथॉनचं टायमिंग करते. धावपटूच्या छातीवरच्या नंबरामागे एक चिप असते. रस्त्यावर ठिकठिकाणी रबरी मॅट अंथरलेली असते. मॅटवर पाय पडला की चिपची वेळ माझ्या लॅपटॉपवर येते. त्याशिवाय शर्यतीच्या चार दिवस आधी मला एलिटचा, म्हणजे जिंकण्यासाठी पळणाऱ्या पुढच्या पंधरावीस जणांचा, अंदाज द्यावा लागतो. कोण पहिलं येईल, किती वेळात येईल, विक्रम तुटेल का. लोकांना हे ज्योतिष वाटतं. यात ज्योतिष काही नाही. अलीकडची हाफ मॅरेथॉनची वेळ दुप्पट करायची, त्यात सात-आठ मिनिटं घालायची, मग उकाडा, खाडीवरची दमट हवा आणि वाटेतले फ्लायओव्हर यांच्यासाठी थोडं इकडेतिकडे करायचं. मी एखाद मिनिटानं चुकते. साडेतीन मिनिटांनी चुकत नाही. सुचिताच्या वेगानं साडेतीन मिनिटं म्हणजे जवळपास एक किलोमीटर.

सुचिता आंबिवलीची. एका शाळेत पीटी शिकवायची आणि शाळेच्या आधी टिटवाळ्याच्या रस्त्यावर पळायची. तिला या शर्यतीत दोन अठ्ठेचाळीसच्या आत यायचं होतं. तेवढं जमलं तर राष्ट्रीय शिबिरासाठी तिचा अर्ज जाणार होता, आणि त्या वर्षी अर्जाच्या मुदतीआधीची ही शेवटची शर्यत होती. म्हणून मीही तिच्यासाठी मनातल्या मनात देव पाण्यात ठेवले होते.

अंदाज चुकला की आधी स्वतःचं घर तपासायचं, ही माझी जुनी सवय. टायमिंगच्या आधी अठरा वर्षं मी डोंबिवली एमआयडीसीत क्वालिटी कंट्रोलला होते. पंचांच्या स्टॉपवॉचशी माझं घड्याळ ताडून पाहिलं. बरोबर होतं. चिप नीट होती, मॅट नीट होत्या. मग बाकीचे निकाल उघडले. पुरुषांतला पहिला माझ्या अंदाजाच्या तीन मिनिटं आधी आला होता. दुसरा तसाच, तिसरा तसाच. महिलांतली चौथी मुलगी तर गुडघा धरून पळत होती, तीही आयुष्यातली सर्वोत्तम वेळ घेऊन आली. तासाभरानं वर्तकनगरचे पासष्ट वर्षांचे एक आजोबा तंबूत येऊन सांगून गेले की यंदा त्यांनी पाच मिनिटं कमी घेतली, सगळी मेथीच्या लाडवांची कृपा.

कारखान्यात पहिल्या महिन्यात शिकवतात ती गोष्ट आहे ही. एकच नग मापापेक्षा वेगळा आला तर नग बघा. सगळेच नग एकाच बाजूला सरकले तर मोजपट्टी बघा.

शर्यत एकाच वाटेच्या दोन फेऱ्यांची होती. मी प्रत्येकाच्या मॅटमागून मॅटच्या वेळा काढल्या. बाकी सगळीकडे सगळे आपापल्या वेगानं पळाले होते. फक्त दहा ते पंधरा किलोमीटरच्या तुकड्यात एकूणएक माणूस अचानक वेगवान झाला होता, आणि दुसऱ्या फेरीत त्याच तुकड्यात पुन्हा. त्या तुकड्यात एक यू-टर्न होता. वळायची जागा दाखवायला तिथे रस्त्यावर प्लास्टिकचे कोन ठेवलेले असतात.

रूटचं काम भोईर बघत होते. कोपरचे राहणारे, कामाला चोख माणूस. त्यांना बोलावून यू-टर्नचं विचारलं तर ते खाली मान घालून उभे राहिले.

“मॅडम, कोन मीच हलवले,” ते म्हणाले. “सुरू व्हायच्या आधी दळवी साहेबांचा फोन आलेला. बोलले, मांडवाच्या समोरूनच वळवा.”

दळवी म्हणजे रेस डायरेक्टर, सगळ्या शर्यतीचे प्रमुख. मांडव कसला, तर स्थानिक नेत्याच्या स्वागताचा. स्टेज, कमान, बारा फुटी चेहरा. तो मांडव ठरलेल्या वळणाच्या अलीकडे उभा राहिला होता. धावपटू नुसते समोरून निघून जाणार, त्यापेक्षा त्यांनी मांडवापुढे वळसा घालावा, म्हणजे फोटोत कमान, चेहरा आणि पळणारी माणसं एकत्र येतील, असा विचार झाला होता. देवळाला प्रदक्षिणा घालतात तशी.

दुपारी रस्ता मोकळा व्हायच्या आत मी आणि भोईर मोजमापाचं चाक घेऊन गेलो. अधिकृत मोजणी होते तेव्हा वळणाच्या जागी डांबरात एक खिळा ठोकून त्याभोवती रंग मारतात. शर्यतीच्या दिवशी कोन त्याच खिळ्यावर ठेवायचा. खिळा जागेवर होता. तिथपासून मांडवापर्यंत दोनशे दहा मीटर भरले. जाताना दोनशे दहा वाचले, येताना दोनशे दहा, आणि फेऱ्या दोन. एकूण आठशे चाळीस मीटर शर्यत कमी झाली होती. ती मॅरेथॉनच नव्हती. माझं डोकं असं फिरलं की भोईरांनी मला पाण्याची बाटली दिली आणि ते दोन पावलं लांब जाऊन उभे राहिले.

दळवी म्हणजे रेस डायरेक्टर, सगळ्या शर्यतीचे प्रमुख. दळवी ऑफिसात हार बाजूला ठेवून चहा पीत होते. मी आकडे समोर ठेवले. त्यांनी कागदाकडे पाहिलंसुद्धा नाही.

“मॅडम, तुमचा अंदाज चुकला म्हणून रस्ता चुकीचा?”

मी म्हटलं, खिळा तिथेच आहे, चला दाखवते. ते म्हणाले, दोनशे मीटरनं काय होतं, एका स्टॉपचं अंतर. रस्ते बंद करायच्या परवानग्या कोणामुळे मिळतात ते तुम्हाला माहीत नाही. मी म्हटलं, संध्याकाळपर्यंत शेकडो लोक आपापली घड्याळं बघतील. ते म्हणाले, घड्याळं चुकतात असं सांगू. प्रत्येक वाक्याला त्यांच्याकडे उत्तर तयार होतं, आणि शेवटचं तर त्यांनी जपूनच ठेवलं होतं.

“विक्रम झाला की परत मोजणी होते, मलाही कळतं. ते बघू नंतर. आज त्या पोरीच्या तोंडचा घास तुम्ही का काढताय?”

घास काढला यांनी, आणि काढणारी मी ठरले. एवढा संताप मला कारखान्यात संपाच्या दिवसांतही आला नव्हता. निकालाच्या कागदावर माझी सही लागते. मी सही न करता कागद तसाच टेबलावर ठेवला आणि मोजणीच्या अधिकाऱ्याला तिथूनच मेल टाकला.

त्यानंतरचं काम त्याहून कठीण होतं. सुचिता मैदानाच्या कडेला शाळेतल्या सहकाऱ्यांबरोबर बसली होती. मेडल गळ्यात होतं, एका पायातला मोजा काढलेला. मी तिला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. ती रडेल किंवा भांडेल असं वाटलं होतं. तिनं मनगट पुढे केलं.

“मॅडम, माझ्या घड्याळात बेचाळीसच्या जागी एक्केचाळीस पॉइंट चारच किलोमीटर आलं,” ती म्हणाली. “मला वाटलं, माझंच घड्याळ बिघडलं. फ्लायओव्हरखाली सिग्नल गेला असेल.”

एवढी मोठी संस्था, एवढी कमान, एवढे कोट घातलेले लोक. चूक असेल तर ती आपल्याच घड्याळाची, असं त्या मुलीला वाटलं होतं.

मग तिनं विचारलं, “पूर्ण असतं तर किती आले असते?”

मी तिच्या वेगानं आठशे चाळीस मीटर मांडले होते. दोन सत्तेचाळीस दहा.

“म्हणजे बसले असते?”

“बसली असतीस. पन्नास सेकंद राखून.”

 तिनं मोजा चढवला, बुटाची नाडी बांधली आणि ती सहकाऱ्यांकडे गेली. मला तिच्यापुढे उभं राहायची लाज वाटत होती, आणि कोन काही मी हलवले नव्हते.

पुढच्या आठवड्यात मोजणीचे अधिकारी आले, त्यांनी खिळा पाहिला, रस्ता मोजला आणि सगळ्या वेळा रद्द केल्या. आयोजकांनी पत्रक काढलं. त्यात ‘तांत्रिक कारण’ असा शब्द होता. मांडवाला तांत्रिक कारण म्हणतात हे मला तोवर माहीत नव्हतं. मी शिबिराला पत्र लिहिलं, सोबत सुचिताच्या मॅटमागून मॅटच्या वेळा आणि माझा हिशेब जोडला. उत्तर सभ्य होतं आणि बरोबरही होतं: धावलेली वेळ चालते, धावली असती ती वेळ चालत नाही. त्या वर्षी सुचिता शिबिराला गेली नाही.

महिन्याभरानं तिचा फोन आला. स्टेशनजवळ तिच्या फोटोचा मोठा बॅनर अजून होता, ‘आमची विक्रमवीर’, शेजारी तोच बारा फुटी चेहरा. तो काढायला सांगाल का, असं ती विचारत होती. शाळेतली मुलं रोज त्याच्या खालून येतात आणि वर्गात विचारतात, टीचर, तुम्ही शिबिराला कधी जाणार? मी दळवींना तीन वेळा फोन केला. त्यांनी उचलला नाही. शेवटी भोईर सकाळी शिडी घेऊन गेले आणि कोणाला न विचारता बॅनर कापून आले.

माझा अंदाज त्या वेळी फक्त वीस सेकंदांनी चुकला होता. इतका नेमका अंदाज मी आधी कधी दिला नव्हता, पुढेही दिलेला नाही, आणि तो कोणाच्या काडीइतक्याही उपयोगाचा झाला नाही. अजूनही आयोजक शर्यतीच्या चार दिवस आधी विचारतात, मॅडम, यंदा विक्रम होईल का? मी वेळ कळवते आणि खाली एक ओळ लिहिते: पूर्ण अंतर पळू दिल्यास.