न हललेले अणू

दुपारी तीन वाजून सतरा मिनिटांनी ती एका सरळ रेषेकडे बघत होती. धातूचे अणू किती हलले ते त्या आलेखात दिसायला हवं होतं. एकही हलला नव्हता. साठ अंश तापमानात ते थोडे तरी हलायलाच हवेत.

ती एका बॅटरी-संशोधन केंद्रात काम करते. बॅटरीतला धातूचा इलेक्ट्रोड आणि त्याला भिडलेला द्रव, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, यांच्या सीमेवर काय होतं ते काँप्युटरवर घडवून बघायचं, हे तिचं काम. अकरा वर्षं झाली. वय एकोणपन्नास. आधी शाळेत गणित शिकवायची. अजूनही चूक दिसली की पहिल्यांदा स्वतःची वही तपासते.

वही तपासली, म्हणजे काँप्युटरला दिलेल्या आज्ञा. द्रव नीट पसरेपर्यंत धातूचे अणू जागच्या जागी गोठवतात, मग मोकळे करतात. मोकळे करण्याची आज्ञा तिने लिहिलीच नव्हती. तिच्या रनमध्ये, म्हणजे काँप्युटरवरच्या त्या चाचणीत, धातूवरचा संरक्षक थर कुठेच फाटला नव्हता. खालचं काही हललंच नाही तर फाटणार कसा? याच निकालावर तिने आठवड्यापूर्वी नव्या द्रवाला होकार दिला होता. आज चार वाजता तो खालच्या भरणखोलीत साठ सेलमध्ये भरायचा होता. त्यांचे इलेक्ट्रोड बनवायला चार महिने लागले होते, आणि एकदा भरलेला द्रव परत काढता येत नाही.

साहेब दारातच भेटले. सगळं ऐकून म्हणाले, "खात्री आहे?"

"चूक झाली याची आहे. निकाल बदलेल का, ते पुन्हा रन केल्याशिवाय नाही सांगता येणार. अठरा तास."

"आणि नाही बदलला तर? तुझा करार महिनाअखेरीस संपतोय. वर काय सांगू मी?"

"माझ्यामुळे एक दिवस वाया गेला, असं सांगा."

साहेबांनी घड्याळ बघितलं. "होकारावर सही तुझी होती. नकारही तूच दे."

भरणखोलीचा प्रमुख तिचा धाकटा दीर. हातमोजे काढून फोन उचलायला त्याला वेळ लागला.

"भाऊजी, भरू नका."

"वहिनी, गॅस बंद केला का म्हणून घरी दोनदा फोन करता, ते ठीक. आता इथेही?"

"या वेळी खरंच चालू राहिलाय."

पलीकडचं हसू थांबलं. "आम्ही साडेतीनलाच सुरुवात केली. म्हटलं, लवकर आटपेल."

"किती झाले?"

तो मोजत होता. तिने पेन धरलं होतं, लिहीत काहीच नव्हती.

"सात. आठवा हातात आहे."

"ठेवा खाली."

"लेखी द्या, वहिनी. नाहीतर खापर माझ्या डोक्यावर फुटेल."

तीन ओळींची मेल गेली तेव्हा तीन चोपन्न झाले होते. पहिल्या ओळीत 'माझी चूक' असं होतं. मग तिने राहिलेली आज्ञा लिहिली, शेजारच्या सहकारिणीकडून मोठ्याने वाचून घेतली आणि चार वाजून दहा मिनिटांनी रन सुरू केला.

तो उद्या सकाळी दहा वाजून दहा मिनिटांनी संपेल. भरणखोली साडेनऊला उघडते. द्रवाच्या कपाटाची किल्ली तिने दिराकडून मागून घेतली आहे; रन संपेपर्यंत ती तिच्या टेबलावर असेल.