ठणठणीत उंदरांची तक्रार

धडधाकट माल दिला म्हणून हाकललेला व्यापारी अख्ख्या मराठवाड्यात मी एकटाच असेन. माल म्हणजे पांढरे उंदीर. लोह्याजवळ माझी कोंबड्यांची शेड होती. तिच्याच बाजूला परवाना काढून मी उंदीर पाळायला लागलो आणि नांदेडच्या एका फार्मसी कॉलेजला पुरवू लागलो. उंदीर माझे, त्यांचं खाद्यही माझंच. भावावरून कॉलेज कुरकुरायचं, मी ओरडायचो, आणि शेवटी माझंच खरं व्हायचं.

तिथल्या एक मॅडम पीएच.डी. करत होत्या. उंदरांच्या पोटात जंतू टोचायचे, मग निम्म्यांना नवं औषध द्यायचं, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. औषधवाले जगले आणि पाणीवाले मेले, तर औषध खरं. एका दुपारी त्यांनी मला बोलावून घेतलं. पिंजऱ्यांत सगळेच उंदीर टुणटुणीत.

"मामा, हे पाणीवाले. तीन दिवस झाले."

"मग? माल चांगला हाय."

"हे मरायला पाहिजे होते."

माझं डोकं फिरलं. "मेलेला माल दिला असता तर बदलून मागितला असता. जित्याचीबी तक्रार? तुमचे जंतूच पांचट हायेत."

त्या चिडल्या नाहीत, हीच पंचाईत. म्हणाल्या, "जंतू दोनदा तपासले. गाईड म्हणतात, मीच चुकले. वर्षभराचं काम जाईल माझं. खाद्यात काही टाकता का, मामा?"

टाकत होतो. कोंबड्यांना टाकतो तीच पावडर. अँटिबायोटिकच ते. पिल्लं दगावत नाहीत. आजवर एकाही गिऱ्हाइकानं कोंबडी मेली नाही म्हणून भांडण काढलं नव्हतं. नाही म्हटलं असतं तर ऑर्डर राहिली असती आणि बाई घरी बसली असती.

"टाकतो," म्हणालो. "पण चिमूटभर. पुढची खेप बिनपावडरीची देतो, वर दहा उंदीर फुकट."

"ते लिहून द्याल? पावडरीचं?"

दहा उंदरांकडे त्यांनी लक्षच दिलं नाही. मी लिहून दिलं.

त्या कागदानं मॅडमचं काम वाचलं. तोच कागद पुढं करून कॉलेजनं माझी ऑर्डर काढून घेतली आणि हैदराबादला दिली. महिन्याभरानं मॅडमनी फोन करून सांगितलं, तिकडचे पाणीवाले अगदी वेळेवर मेले. कितीला पडले, विचारलं. माझ्यापेक्षा महाग, आणि वर मरतुकडे.