शिट्टी वाजण्याआधीचा गुलाल

आमच्या दमधरे काकांनी अर्धं आयुष्य कोणाचंही अभिनंदन वेळेवर केलं नाही. मी बारावी पास झाले तेव्हा पेढा हातात घेऊन म्हणाले, "मार्कशीट येऊ दे, मंग खातो." माझ्या लग्नात प्रत्येक मंगलाष्टकाला लोक अक्षता टाकत होते आणि काका मूठ आवळून उभे. शेवटचं 'सावधान' झालं, हार पडले, बँड सुटला, तरी मूठ उघडेना. मांडवात कोणीतरी ढकललं तेव्हा त्यांच्या हातून चार दाणे सांडले, तेवढ्याच काय त्या माझ्या वाट्याच्या अक्षता! कोणी आनंदाची बातमी घेऊन आलं की ठरलेलं वाक्य यायचं, "दम धर, शिट्टी वाजू दे." त्यावरून नाव पडलं दमधरे. वस्तीत नव्यानं आलेल्या सुनांना तेच त्यांचं खरं आडनाव वाटायचं.

जठारपेठेच्या आमच्या कोपऱ्यावर त्यांचं सायकलचं दुकान होतं. वस्तीच्या फुटबॉल संघाचा बॉल हवा भरायला त्यांच्याकडेच यायचा. बॉल अंगठ्यानं दाबायचे, जमिनीवर आपटायचे आणि पोरांना म्हणायचे, "हवा म्या भरली, आता दम तुमी भरा." आणि काय दिवस होते हो ते! नागपूरचे संघ अकोल्यात यायचे ते मिशा पिळत आणि जायचे ते मान खाली घालून. मॅचच्या दिवशी बायकासुद्धा दुपारीच भाकरी टाकून मैदानावर. माझा थोरला भाऊ दिलीपदादा गोलकीपर होता, त्यामुळे शाळेत माझा तोरा काही विचारू नका. आणि गंमत म्हणजे त्या काळात सगळ्या वस्तीत उतावळा माणूस कोण, तर हेच काका. अर्धी मॅच शिल्लक असताना हे बँडवाल्याला निरोप पाठवून मोकळे.

मग ती फायनल आली. अमरावतीला, अमरावतीच्याच संघाशी. शील्ड येणारच म्हणून काकांनी मेटाडोरमध्ये गुलालाचं पोतं टाकलं होतं. मी हट्ट करून त्याच पोत्याला टेकून बसून गेले. आम्ही सगळे दादाच्या गोलमागे उभे होतो. एका गोलनं आपण पुढे होतो. शेवटची मिनिटं चालली होती. काकांनी मनगटावरचं घड्याळ पाहिलं आणि ओरडले, "झाला टाइम! घ्या बे, उधळा!" पहिली मूठ त्यांचीच. मग काय, शंभर हात पोत्यात. वारा नेमका आमच्या पाठीमागून मैदानाकडे. त्या लाल ढगातून आम्हाला एवढंच दिसलं की दादा डोळे चोळतोय आणि बॉल जाळीत आहे. शिट्टी वाजायचीच होती अजून.

आमचे लोक रेफ्रीच्या अंगावर धावून गेले. तो शांतपणे म्हणाला, "गुलाल तुमचाच, माणसं तुमचीच. मी काय करू?" जादा वेळेत अमरावतीनं दुसरा गोल मारला आणि शील्ड गेली. अंगभर गुलाल माखलेले आम्ही हरून परतलो. बडनेऱ्यापर्यंत रस्त्यावरचे लोक हात हलवून आम्हाला शाबासकी देत होते! लाजेनं मरण बरं असं झालं होतं मला.

दादानं त्या वर्षानंतर हातमोजे खुंटीला टांगले. जिल्हा परिषदेत चिकटला आणि मैदानाकडे फिरकला नाही. काका एकदा आमच्या दारात आले, खाली बघत म्हणाले, "दिलप्या, माह्यानं चूक झाली बे." दादा नुसता आत निघून गेला. त्या दिवसापासून काकांनी आनंदाची धास्तीच घेतली. स्वतःच्या पोरीच्या लग्नात हा माणूस खांबासारखा उभा. मी चिडून म्हटलं, "अहो काका, हसा की जरा!" तर म्हणे, "गाडी सासरी पोचू दे." पोचली गाडी, नातवंडं झाली, तरी यांची शिट्टी काही वाजेना. आणि संघाचं तर विचारूच नका. फायनल सोडा, दुसऱ्या फेरीत गारद. मला दोन्हीचा संताप यायचा, संघाचा आणि या माणसाचाही.

गेल्या वर्षी मात्र आक्रीत घडलं. आमच्या पोट्ट्यांनी फायनल गाठली. पुन्हा अमरावती, पुन्हा तोच संघ. पिकल्या केसांचा दिलीपदादाही या वेळी चष्मा पुसत मेटाडोरमध्ये चढला. गुलालाचं पोतं कोणीतरी टाकलंच होतं, तर काका त्याच्यावर ठाण मांडून बसले. "शिट्टी वाजेपर्यंत पोत्याले कोनी हात लावाचा नाही. बँड नाही, बोंबलनं नाही. चूप बसाचं!" म्हाताऱ्याचं मन कोण मोडणार? आम्ही बसलो चूप. आपल्या पोरांनी गोल मारला तरी काका दोरीच्या कडेनं फिरून बोटं ओठांवर ठेवत होते. समोर अमरावतीकरांचे ढोल आणि आमच्याकडे मयताला बसल्यासारखी माणसं. पोरं वळून वळून आमच्याकडे बघत होती. शेवटच्या दहा मिनिटांत त्यांचे पाय जड झाले आणि दोन गोल खाल्ले. हरलो! नंतर कॅप्टन मला विचारतो कसा, "काकू, तुमी लोक आमच्यावर रागावले होते का?" काय सांगणार, कपाळ!

परतताना मूर्तिजापूरला दिवेलागणीच्या वेळी चहाला थांबलो. काका बाकड्यावर बसून ढसाढसा रडायला लागले. "तवा गुलाल उधळून हरवलं, आता न उधळून हरवलं. मीच पनवती हाय."

दादानं चहाचा ग्लास खाली ठेवला. "काका, तवा आपण गुलालानं नाही हरलो."

"म्हंजे?"

"मी बॉल अडवाले उगाच पुढं निघून गेलो होतो. बॉल माह्या डोक्यावरून गेला. गुलाल डोळ्यात आला तो त्याच्यानंतर."

"अन् हे तू आता सांगून राहिला?"

"सारेच म्हनत होते, गुलालानं घात केला. मले बरं वाटलं. मंग सांगाची हिंमतच झाली नाही."

माझं डोकं सणकलं. सख्खा भाऊ, पण एक कानाखाली वाजवावीशी वाटली. काकांनी तर हात उचललाच. तो हात तसाच हवेत राहिला आणि काका ओरडले, "माह्या पोरीच्या लग्नात हासलो नाही बे मी!" दादा मान खाली घालून उभा. काका तरातरा मेटाडोरकडे गेले, पोतं ओढून खाली आणलं, तोंड फाडलं आणि ओंजळभर गुलाल थेट दादाच्या तोंडावर मारला. "हे घे! आता खरंच जाऊ दे डोळ्यात!" मग वळले पोरांकडे. एकेकाला धरून माखायला लागले.

कॅप्टन म्हणाला, "काका, हरलो आपण!"

"मालूम हाय मले! आंधळा हाय का मी? खेळले ना तुमी? मंग चूप बसा अन् माखून घ्या!"

माझ्या डोळ्यांपुढे कायमचे राहिले ते हेच चिडके, हसरे, लालभडक काका. त्यानंतर त्यांना कोणी दमधरे म्हणावं असं काही राहिलं नाही. माझी मुलगी नोकरीच्या मुलाखतीला निघाली तर हे सकाळीच पेढे घेऊन हजर. मी म्हटलं, "अहो, निकाल तर लागू द्या!" तर मलाच म्हणाले, "काहून, तू दमधरे झाली का आता?" पावसाळ्यात त्यांच्या छातीचं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या वॉर्डात पेढे वाटले, बरं झाल्याचे. नर्सबाई हसल्या, डॉक्टरांनीही खाल्ला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन थिएटरमधून काका काही जिवंत बाहेर आले नाहीत.

फार राग आला मला. देवाचा, डॉक्टरांचा, काकांचाही. असं कोणी आधी पेढे वाटतं का! दवाखान्याच्या व्हरांड्यात दादा माझ्या शेजारी बसला होता. त्यानं खिशातून आदल्या दिवशीचा पेढा काढला, मोडला, अर्धा मला दिला. "खा," म्हणाला, "वाटलेला पेढा वापस नसते जात." रडत रडत खाल्ला आम्ही.

आता आमच्या वस्तीत रिवाजच पडला आहे. संघ बाहेरगावी निघाला की काकांच्या बंद दुकानापुढे मेटाडोर थांबते आणि खेळायला जाण्याआधीच गुलाल उधळला जातो. पहिली मूठ दादाची. यंदा पोरं सेमीफायनलला हरून आली, तेही शेवटच्या मिनिटाला. शील्ड काही अजून जठारपेठेनं पाहिलेली नाही. पोट्टेहो, आता तरी लागा प्रॅक्टिसला. गुलाल आम्ही केव्हाच उधळून बसलो आहोत.