आधी बोदलकसा, मग राजीनामा

समोर कितीही सुबक छापलेला कागद ठेवा, ती त्यावर पंजा पालथा घालून अक्षरे झाकून टाकायची आणि म्हणायची, “आता हेच तुया मायले सांग.”

कागद बहुधा नोकरीच्या अर्जाचा किंवा एखाद्या प्रस्तावाचा असे आणि समोर स्वयंसेवी संस्थेत नव्याने लागलेला मुलगा किंवा मुलगी. कुडव्याला दुचाकी दुरुस्तीच्या दुकानावरची एक खोली तिने भाड्याने घेतली होती. मागून आणलेली पुस्तके, जुना संगणक, शहरांतल्या प्रशिक्षणांतून जमवलेल्या पुस्तिका, आणि दर रविवारी भरणारी तिची शाळा. अर्ज कसा लिहावा, अंदाजपत्रक कसे मांडावे, मुलाखतीत मान वर ठेवून कसे बोलावे, कोणती फेलोशिप कोणाच्या उपयोगाची, हे सारे ती शिकवीत असे. फी घेत नसे. माझा संशय इथूनच सुरू झाला.

वाचकहो, तुम्हीही माणसे पाहणारे आहात. मग परवा तिच्या शोकसभेत काय बोलले गेले ते ऐका. एका वक्त्याने तिला त्यागमूर्ती ठरवले. दुसरे सद्गृहस्थ चहाच्या वेळी माझ्या कानाशी लागून म्हणाले, मोठ्या संस्थांना माणसे पुरवून ती दलाली घेत होती. दोघांचेही म्हणणे मला अमान्य आहे. त्यागमूर्ती ती नव्हती. वाचायला नेलेले पुस्तक परत आले नाही, तर ती घेणाऱ्याच्या दारात उभी राहून त्याच्या आईसमोर ते मागत असे. आणि दलालीविषयी बोलायचे तर, तिच्यावर संशय घेण्याचे कष्ट या जिल्ह्यात माझ्याइतके कोणी घेतलेले नाहीत. तिच्याविषयी बोलण्याचा अधिकार त्यामुळे मला आहे. ज्यांनी तेवढीही तसदी घेतली नाही, त्यांना नाही.

मी निवृत्त मास्तर आणि एका लहान संस्थेचा संस्थापक अध्यक्ष आहे. तिरोड्याकडची एक मुलगी माझ्याकडे, बोदलकशाच्या जलाशयावर मासेमारी करणाऱ्या बायकांच्या गटाचे काम पाहत होती. व्यापारी मासळीचा भाव पाडू लागला की ती बायकांच्या शेजारी जाऊन बसे. माझ्यामागे संस्था तिनेच चालवावी, असे मी ठरवले होते. तिला मात्र सांगितले नव्हते. सांगितले की माणसे शेफारतात.

ही मुलगी रविवारी कुडव्याला जाऊ लागली, आणि माझी स्कूटरही त्या खालच्या दुकानात जाऊ लागली.

“काकाजी, फिर से हवा?” मेकॅनिक विचारायचा.

“चाक जुने आहे,” मी सांगायचो आणि कान वरच्या खिडकीकडे लावायचो.

एकदा वरून एका मुलाचा रडवेला आवाज आला. “ताई, ‘समुदायाचे सक्षमीकरण’ मायले कसं सांगू?”

“नाई सांगता येत त लिवलं काऊन? लाव फोन.”

त्याने खरोखरच आईला फोन लावला आणि धडपडत कायसेसे सांगितले. फोनचा आवाज मोठा केलेला असावा, कारण आईचे उत्तर खाली दुकानापर्यंत पोहोचले. “ते सारं ठीक हाये बापा, पन पगार किती देऊन राहिले?”

“पाह्य,” ती म्हणाली, “मुलाखतीत तुले जे पुसाची लाज वाटते, ते मायनं पयलेच पुसलं.”

सगळी खोली हसली. मी हसलो नाही. पगाराची भाषा कानावर पडताच मला वाटले, धागा सापडला.

त्या दिवशी मी जिना चढलो. “तुम्ही संस्थांची माणसे फोडता,” मी दारातूनच म्हणालो.

“गुरुजी, बैठिये तो पहले.”

“मी बसायला आलेलो नाही.”

“मंग उभ्यानं सांगा. तुमच्या पोट्टीचं काम इतक्या वर्सांत काय बदललं? नवीन काय शिकली ते तुमच्याकडं?”

“निष्ठा शिकली.”

“ते त घरूनच घेऊन आली होती.”

हे उत्तर उद्धटपणाचे होते, असे माझे आजही मत आहे.

पुढे उन्हाळ्यात माझ्या कानावर आले की ताई माझ्या संस्थेतल्या त्या मुलीला घेऊन बोदलकशाला निघाली आहे आणि मुलीच्या नागपूरच्या एका नोकरीचे तिथेच पक्के होणार आहे. सौदा डोळ्यांनी पाहावा म्हणून मी स्कूटर काढली.

जलाशयाच्या काठी झाडाखाली बायका जाळी पसरून बसल्या होत्या. परका माणूस एकही नव्हता. मुलगी उभी राहून त्यांना सांगत होती की नागपूरच्या एका मोठ्या संस्थेत तिला प्रशिक्षणाचे काम मिळाले आहे. माझ्याकडे अद्याप राजीनामा आलेला नव्हता! नंतर कळले की हा कुडव्याच्या शाळेचा नियमच होता: जायचे असेल तर ज्यांच्यासोबत काम केले त्यांना आधी तोंडावर सांगायचे, कचेरीला नंतर. आपल्याकडे कार्यकर्ते प्रकल्प संपला की गावाला न सांगता दिसेनासे होतात आणि बायका पुढे वर्षभर विचारत राहतात, ती मॅडम कुठे गेली. ताईला ती रीत मान्य नव्हती.

“मंग बेपाऱ्यापुढं आमच्यासंगं कोन बसंल वो?” एकीने विचारले.

“तुमीच बसाल, काकू,” मुलगी म्हणाली. “आता मी बोलतो कुठं? नुसती बसून रायतो.”

“हे जाईन, आन दुसरी येईन,” एक म्हातारी फणकारली. “तिले पुन्यांदा आमची नावं शिकवा. आमी का इथं शाळा उघडली हाये?”

मुलीने मागे वळून ताईकडे पाहिले. ती एका जाळ्यात अडकलेली काडी काढण्यात गुंतली होती. तिने मान वर केली नाही. मुलीचे डोळे भरून आले. “मले तिथं शिकाले भेटंल. पन तुमी नाई म्हनाल त थांबीन.”

तेव्हा मात्र ताई बोलली. “थांबीन म्हनू नोको. खोटं हाये ते. त्यायले खरं सांग.”

मुलीने डोळे पुसले.

“तुमी नाई म्हनलं तरी जाईन,” मुलगी म्हणाली.

“हां, आता बोलली,” म्हातारी म्हणाली. “जा मंग. पन नवीन जे येईन तिले घेऊन एक डाव येजो. आमच्यापुढं उभी करजो.”

मी पुढे झालो. “आणि मी? संस्थेचा अध्यक्ष मी आहे.”

“तुमी बी बसा ना गुरुजी. तुमाले कोन उठोलं?” म्हातारीच म्हणाली.

राजीनामा दुसऱ्या दिवशी आला. तो स्वीकारला, कारण निर्णय जिथे व्हायचा तिथे होऊन गेला होता. संस्था कोणाच्या हाती द्यावी, हा प्रश्न अजून माझ्यासमोर आहे. मुलगी नव्या कार्यकर्तीला घेऊन गेली, बायकांपुढे उभी केली आणि निघून गेली. परतलेली नाही.

बोदलकशाच्या त्या दुपारी मात्र मी ताईला बाजूला गाठून स्पष्टच विचारले, “यात तुम्हाला काय मिळतं?”

“मी माह्या पयल्या नोकरीतून न सांगता निघाली होती, गुरुजी. त्या गावच्या बाया बाजारात दिसल्या का मी अजून गल्ली बदलतो.”

अशी उत्तरे माणसे तयार ठेवतात, म्हणून मी पुढे त्या गावी जाऊन चौकशी केली. गोष्ट खरी होती. तिथल्या बायकांनी तिची खुशाली विचारली. तो निरोप मी तिला दिला नाही. म्हणजे देणार होतो, तोवर ती दवाखान्यात दाखल झाली आणि घरी आलीच नाही.

त्या दिवशी बोदलकशाहून परतताना तिला माझ्या स्कूटरवर बसायचे नव्हते. मासळीच्या टोपल्या घेऊन तिरोड्याला निघालेल्या टेम्पोत ती बायकांमध्ये दाटीवाटीने बसली. टेम्पो वळणावर गेला, तेव्हा म्हातारी तिच्या कानात काहीतरी पुटपुटली आणि ती तोंडाला पदर लावून इतकी हसली की शेजारणीने तिला धरून ठेवले. ते माझ्याविषयीच होते, असा माझा आजही संशय आहे.