वावटळीत घुसायची जीप

काष्टीच्या बाजारात एक म्हातारा जीप घिऊन यायचा. नव्वद-ब्याण्णव साल असंल. त्याचं नाव मी कदी इचारलं न्हाई. जीपला चौबाजूनं जाड पत्रा ठोकल्याला, दारं बी वेल्डिंग मारून बंद. म्होरं बघायला बोटभर काच अन् आत जायाला फकस्त टपावर एक भोक. वावटळीत भूत असतं म्हनत्यात, ते त्याला आत घुसून बघायचं हुतं. घडीघडी बोट थुकीनं वलं करून वर धरायचा अन् वारं हुडकायचा.

मी चारचौघात बोलून गेलो, "भुताला कोन भितंय? मी येतो संगं!"

नांगरल्या रानात वावटळ उठली. मला आत घिऊन म्हाताऱ्यानं जीप तिच्याकडं घातली. पत्र्याच्या वज्यानं चाकं ढेकळात रुतली, अन् वावटळच आमच्याकडं निघाली. मी भोकातनं पळाया गेलो, तर पोट अडकलं. मुंडी बाहेर, पाय आत.

"बाबा, खाली वढा मला!" मी बोंबाललो.

त्यानं माजं पाय गच धरलं. म्हनला, "पावनं, हालू नका. तुमी अडकल्यापास्नं आत धूळ येत न्हाई."

वावटळ माज्या डोक्यावरनं गेली. मग त्यानं खालनं हळूच इचारलं, "दिसलं का वो?"

सारी हयात त्याची ह्याच्यात गेल्याली. म्होरली काच धुळीनं भरल्याली, बघायला तेवढी माजीच मुंडी बाहेर, अन् मी डोळं गच मिटून घेतल्यालं.

"व्हय, दिसलं," मी म्हनलो.

म्हातारा आत बसून ल्हान पोरागत हसला. "मग सांगा की, कसं हाय?"

तवापास्नं मी बाजाराला दुसऱ्या गावाला जातो.