चार नंबरच्या खोलीतलं मशीन

न बघता हत्यार आत घालायचं म्हटलं की आमच्या बायकांच्या डॉक्टर मॅडमच्या कपाळाला आठी पडायची. "सिस्टर, तुम्ही दिवा घालवून बोंबील साफ करता का?" मी समुद्रकाठच्या चिंचणीची, नाही म्हणायची. "मग बाईची गर्भपिशवी मी चाचपत का साफ करू?"

बोईसरच्या आमच्या लहानशा हॉस्पिटलात सोनोग्राफीचं मशीन होतं. चांगलं चाकांचं, थिएटरपासून वीस पावलांवर. पण गर्भलिंग तपासणीच्या कायद्याखाली त्याची नोंद चार नंबरच्या खोलीची, म्हणून तिथून हलवायची बंदी. थिएटरचीही नोंद करून घ्या, म्हणून मॅडमनी तीनदा अर्ज दिला. हॉस्पिटलच्या ऑफिसातले साहेब दर वेळी "बघतो" म्हणायचे. काय बघायचे कोण जाणे! मॅडमना कायदा मान्यच होता. "मुलींसाठीच केलाय ना? मग टेबलावरची कोण आहे?" एवढंच त्या विचारायच्या.

एकदा दातिवऱ्याची एक सून आली. गर्भ पडलेला, आत तुकडे राहिलेले, रक्त थांबेना. आधीच्या खेपेला दुसरीकडे पिशवी साफ करताना भोक पडलेलं. सासू हात जोडून म्हणाली, "मॅडम, पिशवी ऱ्हायली पायजे. आजून पोर नाय वो तिला." मॅडमनी साहेबांना फोन लावला. साहेब मीटिंगमध्ये.

मॅडमनी फोन ठेवला. "मशीन हलवता येत नाही ना? टेबल हलवा!"

टेबल, दिवा, भुलीचं सामान, सगळं आम्ही चार नंबरात कोंबलं. भुलीचे डॉक्टर भिंतीला चिकटून उभे. सोनोग्राफीच्या डॉक्टरांनी पोटावर प्रोब धरला आणि मॅडम पडद्यावर हत्याराचं टोक बघत काम करत राहिल्या. पिशवी शाबूत राहिली. सासूनं बाहेर रडून घेतलं.

मॅडमना बक्षीस काय मिळालं? साहेबांचा मेमो! निर्जंतुक नसलेल्या खोलीत शस्त्रक्रिया केली म्हणून. ते खोटं नव्हतं, याचाच मला जास्त संताप येतो. मॅडम म्हणाल्या, "सिस्टर, दर वेळी टेबल नाही ढकलता येत." त्याच महिन्यात नोकरी सोडून गेल्या.

त्यांच्यामागे थिएटरची नोंद झाली. मशीन आता टेबलाला खेटून उभं असतं, वर कापड टाकून. नवे डॉक्टर म्हणतात, "एवढ्याशा कामाला ते कशाला?" आणि हात पुढे करतात. कितीतरी दिवस मी मुकाट हत्यार देत आले, लाज वाटते सांगायला.

परवा नाही दिलं. डॉक्टर भडकले. म्हटलं, खुशाल भडका, पण सोनोग्राफीच्या डॉक्टरांना बोलावल्याशिवाय माझ्या हातून हत्यार सुटणार नाही.